डेरविद रोडवरच्या कांचनकाकू

कांचनकाकूंचा पाय मोडला तो माझ्यामुळे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण हा मजकूर काकू वाचणार आहेत, आणि हे वाक्य तिसऱ्या परिच्छेदात सापडलं तर ‘तोवर काय झोपला होतास?’ असं विचारायला त्यांचा फोन येणार आहे.

मी राहतो ओहायोतल्या डब्लिनला. काकू राहतात तिथून दीड तास दक्षिणेला, टेकड्यांमध्ये, जिथे फोनला रेंज नाही आणि ज्वारीचं पीठ मिळायला जवळचं दुकान म्हणजे मी. महिन्यातून एका शनिवारी मी त्यांचं सामान घेऊन जातो. यादी त्या आदल्या गुरुवारी फोनवर सांगतात आणि मग माझ्याकडून परत म्हणवून घेतात. पोहे जाड म्हटलं तर जाड. मध्यम जाड आणले होते एकदा, ते मीच घरी आणून पंधरा दिवस खाल्ले.

त्या शनिवारी सामानात एक भर होती. माझ्या बायकोनं, अदितीनं, काकूंसाठी लिंबाचं लोणचं घातलं होतं, त्याची भली मोठी काचेची बरणी. दोन हातांत चार पिशव्या आणि काखेत ती बरणी, असा मी पोर्चच्या पायऱ्या चढत होतो. “दोन खेपा कर,” काकू दारातून म्हणाल्या. पण आयटीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन खेपा हा पराभव वाटतो. बरणी निसटली आणि पोर्चभर लोणचं झालं. मी पुसायला कागद आणावा म्हणून पुढच्या दारानं आत धावलो, आणि त्याच वेळी काकू फडकं घेऊन बाजूच्या दारानं बाहेर आल्या. लिंबाच्या फोडी चुकवता येतात, पण तेल दिसत नाही.

पडल्यापडल्या दुसरी कुणी ‘आई गं’ म्हणाली असती. काकू म्हणाल्या, “घोटा गेला. आत भिंतीवर फोन आहे, त्यावरून नाइन वन वन लाव. त्यांना पत्ता आपोआप दिसतो.”

भिंतीवरचा फोन. वेटोळ्या वायरचा. मी क्लाउडमध्ये काम करणारा माणूस, मी खिशातला फोन काढला आणि रेंज शोधत रस्त्याच्या तोंडापर्यंत पळत गेलो. तिथे एक काडी रेंज आली. माझ्या डोक्यावर बरोबर रस्त्याची हिरवी पाटी होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाटीवर इंग्रजी अक्षरांत एक शब्द आहे: डी, ई, आर, डब्ल्यू, वाय आणि मग दोन डी. वाचायचा ‘डेरविद’. शब्द वेल्श भाषेतला. दीडएकशे वर्षांपूर्वी ओहायोच्या या भागात वेल्समधून बरीच कुटुंबं आली, शेती केली, लोखंडाच्या भट्ट्या लावल्या, प्रार्थनाघरं बांधली आणि शेताशेताला गावाकडची नावं दिली. आता भाषा गेली, नावं राहिली. काकूंचं घर ज्या शेतावर आहे त्याचं नाव डेरविद, म्हणून रस्त्याचं नाव डेरविद रोड. त्या शब्दाचा अर्थ इंग्रजीत ज्याला ड्रुइड म्हणतात तो, म्हणजे तिकडच्या अतिप्राचीन काळचा पुरोहित, ओक झाडांच्या राईत विधी करणारा, सगळी विद्या तोंडपाठ ठेवणारा.

हा अर्थ दोन वर्षांपूर्वी मला काकूंनीच सांगितला, आणि सांगितल्याचा पश्चात्ताप त्यांना तेव्हापासून होतो आहे. कारण मी नाद लावून घेतला. या शब्दाचा पहिला भाग ओकशी जोडतात आणि तो आपल्या ‘द्रुम’मधल्या ‘द्रु’चा भाऊ लागतो, दुसऱ्या भागात जाणणं आहे, म्हणजे आपली ‘विद्या’. जाणकारांचं यावर एकमत नाही, पण माझं आहे. वेल्समध्ये याच नावाचं एक खेडंही आहे, आणि तिथल्या कवींच्या मोठ्या संमेलनाच्या प्रमुखाला आजही महा-डेरविद म्हणतात, झगा आणि मुकुटासकट. हे सगळं मी डब्लिनपासून मिशिगनमधल्या ट्रॉयपर्यंत, जिथे जिथे मराठी माणसांनी मला जेवायला बोलावलं, तिथे तिथे ऐकवलं आहे. काही घरांतून परत बोलावणं आलेलं नाही. काकूंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग काय करू? रस्त्याची आरती करू?”

तर मी पाटीखाली उभा. पलीकडून मुलीनं विचारलं, पत्ता काय? घर नंबर सांगितला. रस्ता? आणि इथे माझ्यातला जाणकार जागा झाला. या बिचारीला ते दोन डी आणि डब्ल्यू कुठे कळायचे, असा उदार विचार करून मी तिला सोपं करून सांगितलं, “ड्रुइड रोड.”

तिनं विचारलं, “ड्रुइड वे?”

मी म्हटलं हो हो, तोच. रोड काय नि वे काय.

त्याच काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दुसऱ्या टोकाला गोल्फ कोर्सशेजारी नवीन बंगल्यांची वसाहत आहे आणि तिथे खरोखरच ड्रुइड वे आहे, हे मला नंतर कळलं. अँब्युलन्स तिथे गेली. त्या नंबरच्या घरातल्या आजोबांना त्यांनी स्ट्रेचरही दाखवला म्हणे.

इकडे काकू पोर्चवर आडव्या. घोट्याखाली पाच किलो ज्वारीच्या पिठाची पिशवी, वर फ्रीझरमधले मटार. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, “पत्ता काय सांगितलास?”

“ड्रुइड रोड.”

काकूंनी मटारांची पिशवी घोट्यावर नीट बसवली. वैतागल्या की त्यांची नागपूरची भाषा बाहेर येते. “काहून रे?” त्या म्हणाल्या. “पत्ता विचारला तर अर्थ सांगितला? उद्या मला कांचन म्हणून हाक मारायची तर सोनं म्हणशील काय?”

मग म्हणाल्या, आत जा आणि भिंतीवरच्या फोनवरून लाव. लावला. समोरच्या मुलीनं मी तोंड उघडायच्या आधी पत्ता वाचून दाखवला. अँब्युलन्स एकूण एक तास दहा मिनिटांनी आली. तोवर काकूंनी झोपल्याझोपल्या माझ्याकडून पोर्च तीनदा पुसून घेतला होता, तिसऱ्यांदा डिशवॉशच्या साबणानं.

या बाई अशा का, हे समजायला त्यांची नोकरी सांगायला हवी. एक्क्याण्णव साली काकू नागपूरहून इथे आल्या त्या इथल्या छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून. रक्ताच्या नळ्या, लघवीच्या बाटल्या आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या, यांत अठ्ठावीस वर्षं गेली. चिठ्ठीवर नाव जसं असेल तसंच उतरवायचं, आपल्या मनानं सुधारायचं नाही, आणि नावाच्या जोडीला दुसरी एक खूण जुळल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. काकूंनी तो घरातल्या डब्यांना, नातेवाइकांना आणि मला लावला.

त्या भागात हा नियम जरा जास्तच लागायचा. वेल्श लोकांकडे आडनावांचा मोठा दुष्काळ. सगळे इव्हान्स, नाहीतर जेन्किन्स, नाहीतर डेव्हिस. काकू रुजू झाल्या तेव्हा हॉस्पिटलच्या यादीत सात जॉन इव्हान्स होते आणि त्यातल्या चौघांना साखर होती. म्हातारी माणसं मग जुन्या पद्धतीनं शेताचं नाव जोडून सांगायची: गिरणीवरचा जॉन इव्हान्स, डेरविदचा जॉन इव्हान्स. जन्मतारखेच्या खाली काकू कंसात शेतही लिहून ठेवायच्या. एकदाच एका नवीन मुलीनं ते नियमात नाही म्हणून गाळलं, आणि त्या दिवशी एका धडधाकट इव्हान्सला दुसऱ्याचं इन्सुलिन मिळता मिळता राहिलं. हे सांगताना काकूंचा आवाज अजूनही खाली येतो.

घराची गोष्टही तीच. काकू आणि सुमंतकाकांनी ते चौऱ्याण्णव साली घेतलं, मिसेस जेन्किन्स नावाच्या एका म्हातारीकडून. काका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवायचे. कागदांवर सह्या झाल्या, पण म्हातारी किल्ली देईना. म्हणाली, आधी घराचं नाव म्हणून दाखवा. तिच्या स्वतःच्या मुलांना ते धड म्हणता येत नव्हतं, हे तिचं दुखणं. काका घाबरले. काकूंनी एकदा ऐकलं आणि म्हटलं, डेरविद. आपल्याला त्यात अवघड काहीच नाही, शेवटचा तो आवाज तर आपल्या ‘द’च्या शेजारीच राहतो. म्हातारीनं किल्ली दिली आणि पुढे मरेपर्यंत दर रविवारी तिच्या प्रार्थनाघरात नेऊन काकूंना स्तोत्रं शिकवली. वर्षातून एकदा तिथे चार सुरांत गाणं होतं, काकू आजही खालच्या सुरात उभ्या राहतात. देवाबद्दल विचारलं तर म्हणतात, ते वेगळं, पण खालच्या सुराला माणूस कमी आहे.

आणि काकूंचं आडनाव आहे वऱ्हाडपांडे. अमेरिकेतल्या एका खेड्यात हे आडनाव घेऊन जगून बघा. लॅबमध्ये महिनाभर लोकांनी प्रयत्न केला, मग सोडून दिला, आणि घर घेतल्यावर त्यांच्या जुन्या रीतीनं काकूंनाही शेत चिकटवलं. गेली तीस वर्षं बँकेत, न्हाव्याकडे, पोस्टात त्या ‘कांचन डेरविद’ आहेत. सुमंतकाका गेले तेव्हा गावातून आलेल्या एकूण एक फुलांच्या चिठ्ठीवर हेच लिहिलेलं होतं.

आता माझ्या पापाचा दुसरा भाग. पहिला काकूंना माहीत होता, हा नव्हता.

अपघातानंतर पंधरा दिवसांनी मला काउंटीचा एक ईमेल आला. अँब्युलन्स चुकीच्या जागी का गेली याची चौकशी, कॉल करणाऱ्यानं फॉर्म भरावा. फॉर्ममध्ये एक रकाना होता, पत्ता चुकण्याचं कारण. ‘कॉल करणारा शहाणपणा करत होता’ असं कोण लिहील? मी लिहिलं, ‘रस्त्याचं नाव उच्चारायला अतिशय अवघड आहे.’ अदितीनं मागून वाचलं. “तुला येतं की म्हणता,” ती म्हणाली. मी म्हटलं, यार, मी सर्वसामान्य नागरिकाच्या वतीनं लिहितोय. आणि पाठवून दिलं.

दीड महिन्यानं काकूंचा फोन. प्लास्टर अजून होतं, आवाज मात्र मोकळा. टाउनशिपचं, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचं, पत्र आलं होतं. लोकांच्या सुरक्षिततेसाठी डेरविद रोडचं नाव बदलून ओक व्ह्यू लेन करण्याचा प्रस्ताव आहे, मंगळवारी संध्याकाळी सात वाजता सुनावणी, तिघे ट्रस्टी, म्हणजे पंच, मत देतील. म्हणजे ओक तेवढा ठेवला आणि जाणणारा काढला, असं मी म्हणणार होतो, पण म्हणालो नाही. रस्त्यावर घरं सहा, त्यातली तीन रिकामी, एक शिकाऱ्यांची झोपडी. विरोध करायला उरल्या काकू आणि एक बहिरा शेजारी.

“तू येशील,” काकू म्हणाल्या. “आणि एवढंच सांगशील की पाटी डोक्यावर होती आणि तू वाचली नाहीस. एक वाक्य.”

मी हो म्हटलं. हे पत्र माझ्या फॉर्ममुळे निघालं, हे तेवढं गाळलं.

आणि एका वाक्यात निभावणं मला जमलंय कधी? मी चोवीस स्लाइड्स केल्या. डेरविद शब्दाचा प्रवास, द्रु आणि विद्, वेल्समधलं खेडं, महा-डेरविदाचा फोटो, शेवटी ‘वारसा जपूया’. नावाची थोरवी एवढी दणकून मांडायची की फॉर्म कुणाला आठवणारच नाही, असा माझा बेत होता. गाडीत काकूंनी माझ्या शेजारच्या सीटवरचा लॅपटॉप पाहिला. “हे काय आहे?”

“बॅकअप,” मी म्हटलं.

सुनावणी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये होती. प्रोजेक्टर नव्हता. पॉपकॉर्नचं मशीन होतं. लांब टेबलामागे तिघे ट्रस्टी, समोर आम्ही नऊ माणसं घडीच्या खुर्च्यांवर. अध्यक्ष जाड मिशांचे, शांत गृहस्थ, हातात कागद. त्यांनी प्रस्तावाचं कारण वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता म्हणाले की प्रत्यक्ष कॉल करणाऱ्या व्यक्तीनं लेखी कळवलं आहे की रस्त्याचं नाव उच्चारायला अतिशय अवघड आहे.

मी पॉपकॉर्नच्या मशीनकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. कुबड्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या, बस. त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आधी त्या बोलल्या. कुबड्यांवर उभं राहून, त्यांच्या सरळ नागपुरी इंग्रजीत. ड्रुइडचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, एकतीस वर्षं माझी सगळी पत्रं इथे येतात. तुमच्या आईवडिलांचं रक्त मी तपासलंय, आणि चुकू नये म्हणून त्यांच्या शेतांची नावं लिहून ठेवलीत. माझं आडनाव तुमच्यापैकी कुणाला येत नाही, म्हणून तुम्हीच मला हे दिलंत. आता रस्ता बदलणार असाल तर मी कोण ते गावाला तुम्हीच घरोघर जाऊन सांगा. आणि बसल्या. तीन मिनिटांची मुभा होती, त्यांनी एकही पूर्ण वापरलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि, काय सांगू, सुरुवात ओकपासून केली. द्रुमापर्यंत आलो. उजवीकडचे ट्रस्टी छत न्याहाळू लागले. मी कविसंमेलनाकडे वळलो आणि महा-डेरविदाच्या मुकुटाचं वर्णन हातांनी करून दाखवत होतो, तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, “सर, तुम्ही आत्ता ते नाव चारदा घेतलंत. बरोबर घेतलंत का?”

मागून तो बहिरा शेजारी म्हणाला, “एकदम बरोबर.” त्याला नेमकं तेवढंच ऐकू आलं.

“मग इथे अवघड आहे असं का लिहिलंत?”

हॉलमध्ये मशीनमधला शेवटचा एखादा दाणा फुटला. मी लॅपटॉप मिटला. सांगितलं की मला ते नाव पहिल्या दिवसापासून येतं. त्या दिवशी मी पाटीच्या खाली उभा होतो. नावात काही दोष नव्हता. घरातल्या फोनवरून लाव म्हणून बाईंनी सांगितलं होतं, ते ऐकलं नाही. पत्ता विचारला तेव्हा भाषांतर केलं. आणि फॉर्ममध्ये खोटं लिहिलं, कारण खरं कारण लिहायची लाज वाटली.

“खरं कारण काय?” अध्यक्षांनी पेन उचललं.

“मी हुशारी दाखवत होतो.”

त्यांनी ते लिहून घेतलं. टाउनशिपच्या इतिवृत्तात ते आता कायमचं आहे: कॉल करणारी व्यक्ती हुशारी दाखवत होती. अदितीनं त्याची प्रत मागवून फ्रिजवर लावली आहे.

दोन विरुद्ध एक मतांनी नाव राहिलं. अट एकच, पाटी मोठ्या अक्षरांची करायची आणि रस्त्याच्या दोन्ही तोंडांना लावायची. विरोधात मत देणारे ट्रस्टी नंतर काकूंजवळ येऊन म्हणाले, राग मानू नका, मी ओक व्ह्यूच्या पाटीचं माप आधीच देऊन बसलो होतो.

परत निघालो. काकू मागच्या सीटवर पाय आडवा टाकून बसल्या होत्या. मला वाटलं, आता फॉर्मचा विषय निघणार. तो निघाला नाही, आणि मला ते जास्त जड गेलं. दोन्ही बाजूंना टेकड्या, त्यांवर काळसर ओक, पुढे प्रार्थनाघराचं दगडी टोक. मन भरून आलं. मी म्हटलं, काकू, एक विचारू? एवढ्या पाय मोडलेल्या अवस्थेत तुम्ही या शब्दासाठी उभ्या राहिलात. इतकी वर्षं या मातीत राहून त्या प्राचीन विद्येशी, त्या ओकशी, डेरविद या शब्दाशी तुमचं आतून काहीतरी नातं जुळलं असणार, नाही का? तुमच्यासाठी तो शब्द नेमका काय आहे?

मागून उत्तर आलं, “माझा पत्ता आहे तो, समोर बघून चालव.”